बेंबीखांबाचा तालुका

जिल्ह्यात तालुके नऊ होते, ते दहा झाले. गावं एकशे चौतीस होती, ती एकशे एकोणचाळीस झाली. वाड्या किती झाल्या, हे जिल्हा कचेरीलाही नक्की सांगता येत नव्हतं, कारण मोजणीच्या दिवशी दोन वाड्या घरांना कुलपं लावून शेजारच्या जिल्ह्यात भात कापायला गेल्या होत्या. या सगळ्याच्या साधारण मध्यावर मप्पासेंग गुरुजींचं घर होतं. घराला खांब वीस, जिने दोन, खिडक्या सात. नव्या हद्दीचा एक सिमेंटचा दगड पुढच्या जिन्यापाशी रोवलेला होता आणि दुसरा मागच्या न्हाणीपाशी. गुरुजींनी दोन्ही दगडांना नायलॉनची दोरी बांधून ताणली, ती घराच्या खालून आरपार गेली. बारा खांब लापेरे गावात, तालुका सालोमाते. आठ खांब वानुआ बारू गावात, तालुका बुलुताना. आणि ज्या खांबाभोवती सगळं घर उभं करतात, ज्याला घराची बेंबी म्हणतात, तो बेंबीखांब दोरीपलीकडे, बुलुतानात. दोन मीटर दहा सेंटिमीटर आत.

गुरुजींनी दोरी सोडली, नीट गुंडाळली आणि मग हद्दीच्या दगडाला लाथ मारली. दगड नवा होता. गुरुजी चार दिवस लंगडत होते.

राग येण्यासारखंच होतं. गुरुजी सरकारी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. जिल्ह्यातले सगळे तालुके घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं म्हणायला लावणारा माणूस तो. अर्धा जिल्हा त्यांच्या हाताखालून गेला होता, आणि त्याच अर्ध्या जिल्ह्यातल्या कुणीतरी मोजणी खात्यात नोकरी धरून त्यांच्याच घराखालून हद्द नेली होती. विचारलं नाही, सांगितलं नाही. गुरुजी शाळेत होते, बायको हाफ्साबाई बाजारात होत्या, तेवढ्यात राज्य बदललं.

बुलुताना तालुका मुळात का झाला, याबद्दल जिल्ह्यात बरीच मतं होती. गुरुजींचं मत असं, की तालुका कचेरीची इमारत आधी बांधून झाली होती. एवढी मोठी इमारत रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिच्यासाठी तालुका आणला. तालुक्याला गावं कमी पडली, म्हणून गावं चिरली. आणि हद्द कुठून न्यायची, तर जुन्या नदीच्या पात्रावरून. नदी तिथं घोड्याच्या नालेसारखी वळायची. ती शंभर वर्षांपूर्वी वळण सोडून सरळ निघून गेली, तिथं भातखाचरं झाली, घरं झाली, पण कागदावर ती अजून वळतच होती. त्यामुळे सालोमाते शहर गुरुजींच्या घराच्या पश्चिमेला आणि सालोमाते तालुका मात्र घराच्या पूर्वेला, असा चमत्कार झाला होता. हे फळ्यावर काढून दाखवताना गुरुजींच्या हातून खडू मोडायचा.

एवढ्यावर भागलं असतं, तर गुरुजींनी राग पोटात घालून दिवस काढले असते. पण त्यांची एकुलती मुलगी आजेंग त्या वर्षी नववी संपवून दहावीत जायची होती. तिकडे दहावीपासूनच उच्च माध्यमिक, आणि सरकारी उच्च माध्यमिक शाळेत प्रवेश राहत्या तालुक्याप्रमाणे. सालोमाते शहरातल्या शाळेत प्रयोगशाळा होती, सूक्ष्मदर्शक होते, आणि जीवशास्त्राच्या एक बाई होत्या, ज्यांच्याकडे शिकायचं आजेंगनं सहावीपासून ठरवलं होतं. बुलुताना तालुक्यातही शाळा होती. सध्या फलकावर होती. फलक डोंगरापलीकडे होता.

"फलकाला वर्ग किती?" गुरुजींनी वानुआ बारूच्या सरपंचाला विचारलं.

"मंजूर आहेत बारा," सरपंच लुकमान म्हणाला. एकेकाळी हाच लुकमान गुरुजींच्या वर्गात नकाशात समुद्र हिरवा रंगवायचा. "आणि गुरुजी, तुम्ही आमच्यात आलात याचा गावाला केवढा आनंद! नव्या गावाला चारशे कुटुंबं लागतात. तुमचं चारशेवं."

"माझं बाराशेवं आहे, लापेऱ्यात."

"ते पूर्वी. आता बेंबी आमच्याकडे."

लापेऱ्याच्या कचेरीत गेले, तर तिथली कारकून बाई म्हणाली, "गुरुजी, स्वयंपाकघर आमच्याकडे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण झोपायची खोली पलीकडे. माणूस राहतो कुठं? झोपतो तिथं."

शेजारी दाएंग साक्का यांनी हे ऐकलं मात्र, जिना चढून वर आले. साक्का हे मोटारसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान मुलाच्या हाती देऊन आता पूर्ण वेळ सल्ला देत. "सोपं आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात झोपा."

"आम्ही तिघं?"

"मग काय झालं? माझी आजी जन्मभर चुलीपाशी झोपली. शहाण्णव वर्षं जगली."

"तिला धुराचा खोकला होता."

"खोकला होता म्हणूनच सगळ्यांना कळायचं, अजून आहे म्हणून."

गुरुजींना साक्कांचा सल्ला कधीच पटत नसे आणि कधीच टाळता येत नसे. पलंग उचलून स्वयंपाकघरात आणला. तो दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. चौकट काढल्यावर भिंतीची एक फळी सुटली. आठवडाभर तिघं लापेरे गावात झोपले. गुरुजींचं डोकं भाताच्या पिंपापाशी, पाय सुक्या माशांच्या टोपलीखाली. वर्गात मुलं पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर सरकू लागली. हाफ्साबाई काही बोलत नव्हत्या. त्या बोलायच्या थांबल्या की गुरुजींना जास्त भीती वाटे.

पाहणीला लापेऱ्याची बाई आली. पलंग पाहिला, मान हलवली आणि म्हणाली, "झोपणं तर झालं. पण हे तालुक्याचं काम आहे. सालोमाते तालुका कचेरीत जा."

"हे आठवड्यापूर्वी सांगता आलं नसतं?"

"आठवड्यापूर्वी तुम्ही तिकडे झोपत होता ना. तेव्हा आमचा काय संबंध?"

तालुका कचेरीत मुन्सिर नावाचा अव्वल कारकून होता. त्यानं नकाशा पाहिला, गुरुजींनी स्वतः काढून नेलेली खांबांची आकृती पाहिली, आणि तिचं मनापासून कौतुक केलं. कौतुक ऐकून गुरुजींचा राग थोडा उतरतोय, तोच तो म्हणाला, "पण गुरुजी, स्वयंपाकघर, पलंग, हे सगळं हलतं. हलणाऱ्या वस्तूवर तालुका कसा ठरवायचा? उद्या तुम्ही पलंग परत न्याल. घर कुणाचं, हे आपल्यात कशावरून ठरतं? बेंबीवरून. पाळण्यातलं मूल बेंबीखांबाला टेकवतात, नवरी आधी बेंबीखांबाला हात लावते. तुमची बेंबी बुलुतानात. मी काय करू?"

"हा कायदा कुठं लिहिलाय?"

"लिहिलेला असता, तर तुम्ही माझ्याकडे कशाला आला असता?"

गुरुजी उठले. दाराशी जाऊन परत फिरले. "आणि बेंबी इकडे आली तर?"

"आणा," मुन्सिर म्हणाला. "बेंबी सालोमातेत, तर तुम्ही सालोमातेत. त्याच दिवशी दाखला देतो. माझा शब्द."

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा हाफ्साबाई आठवड्यानं पहिल्यांदा बोलल्या. "मग घर उचला की. पलंग कशाला उचलत होता?"

घर उचलणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. लाकडी घर, दगडांवर नुसते टेकवलेले खांब. खांबांना बांबू आडवे बांधायचे, शंभरेक माणसं बोलवायची, शुक्रवारच्या नमाजानंतर खांदे लावायचे आणि घर चालू लागायचं. गुरुजींचे मामा दोनदा घरासकट गल्ली बदलून राहिले होते, दोन्ही वेळा शेजाऱ्यांशी भांडून. गुरुजींनी हिशेब केला: दोन मीटर दहा सेंटिमीटर पार करायचे, थोडं जास्त धरून तीन मीटर. पूर्वेला स्वतःचीच केळीची जागा होती. कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती.

मात्र घर हलवायचं, तर पुआंग तेप्पो यांना बोलवावं लागतं. पुआंग तेप्पो घरांचे वैद्य. घराला दिवस कोणता, तोंड कोणतं, कुठल्या खांबाला केळी बांधायची, हे सगळं त्यांच्याकडे. ते आले, लवंगाची सिगारेट शिलगावली, खाली बसून वीसही खांबांकडे रोगी तपासावेत तसे पाहत राहिले आणि म्हणाले, "किती न्यायचंय?"

"तीन मीटर, पुआंग."

"काय?"

"तीन मीटर. पूर्वेला."

पुआंगांनी सिगारेट विझवली. अर्धी सिगारेट ते कधी विझवत नसत. "मप्पासेंग, तुझा बाप जिवंत असता, तर तुझ्या थोबाडीत देता. शंभर माणसं बोलवायची, त्यांनी धुतलेले कपडे घालून यायचं, बायकांनी पहाटेपासून केळीच्या पानात भात उकडायचा, आणि घर तीन मीटर? हे घर हलवणं झालं की कूस बदलणं?"

"पण मला तीनच मीटरची गरज आहे!"

"तुझी गरज कोण विचारतंय? माणसांच्या अब्रूचं काय? खांदा लावलेला माणूस घरी जाऊन काय सांगणार? वाकलो आणि सरळ झालो?"

"पुआंग, मी भूगोलाचा शिक्षक आहे. मी मोजलंय."

"मी घरांचा आहे. मी बघितलंय."

वाद दुपारभर चालला. साक्का मध्ये पडले, आणि ते मध्ये पडल्यामुळे तो आणखी लांबला. शेवटी असं ठरलं, की आकडा बोलायचाच नाही. माणसं उचलतील, पुआंग थांबा म्हणतील, तेव्हा थांबायचं. गुरुजींनी पूर्वेला तीन मीटरवर मुकाट्यानं चुन्याची रेघ मारली. सकाळी पाहिलं, तर साक्कांच्या कोंबड्यांनी ती उकरून टाकली होती. त्यांनी पुन्हा मारली आणि साक्कांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोंबड्या माणसांवर जातात."

शुक्रवारी माणसं आली. लापेऱ्याची आली, ती ठीकच. पण वानुआ बारूकडून लुकमान सरपंच चाळीस तगडे गडी घेऊन आला.

"तुला कुणी बोलावलं?" गुरुजी म्हणाले.

"घर उचलताना बोलावणं लागतं का, गुरुजी? आम्ही शेजारी."

"तुझं चारशेवं कुटुंब जातंय आणि तू खांदा द्यायला आलास?"

"मदतीला आलेल्या माणसाला असं बोलतात?" लुकमान दुखावल्यासारखा म्हणाला आणि आपले चाळीसही गडी पश्चिमेच्या बाजूला उभे केले.

खरं तर तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण मदतीला आलेल्याला परत पाठवणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर, आणि गुरुजींची नोकरीच त्या गावांत होती. त्यांनी बांबूंच्या गाठी पुन्हा तपासल्या. घरातली भांडी बांधून झाली होती. बेंबीखांबाला केळ्यांचा घड आणि नारळ बांधला होता. हाफ्साबाई आणि आजेंग रिवाजाप्रमाणे घरातच बसल्या होत्या. आजेंग खिडकीतून म्हणाली, "बाबा, हे पश्चिमेचे लोक बांबू खांद्यावर घेत नाहीयेत. हातानं धरतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे ओढायला धरतायत."

तेवढ्यात पुआंग तेप्पोंनी पुढच्या जिन्यावर उभं राहून आरोळी ठोकली, सव्वाशे माणसांनी उत्तर दिलं, आणि घर जमिनीवरून सुटलं. पूर्वेचे ओढू लागले. पश्चिमेचे, मदत म्हणून, पश्चिमेला ओढू लागले. घर हवेत कण्हत जागच्या जागी उभं राहिलं. वरून हाफ्साबाईंचा आवाज आला, "कपाट निघालं!" आणि मागोमाग कपाट पडल्याचा आवाज.

"लुकमान, इकडे ढकल!" गुरुजी ओरडले.

"ढकलतोय, गुरुजी!"

"पूर्व कुठं आहे, नालायका? मी तुला शिकवलंय!"

"तुम्ही म्हणायचात, नकाशात उजवीकडे! मी नकाशात नाहीये!"

हे ऐकून पूर्वेचे लोक हसले. हसल्यावर त्यांचे खांदे ढिले पडले आणि घर हातभर पश्चिमेला, म्हणजे आणखी बुलुतानात गेलं. मग मात्र लापेऱ्याच्या माणसांना राग चढला. एवढ्या दिवसांत गुरुजींना वाटत होतं की या प्रकरणात चिडलेले ते एकटेच आहेत. तसं नव्हतं. नव्या गावानं लापेऱ्याची विहीर नेली होती, मशिदीची अर्धी चटई नेली होती, फुटबॉलचं मैदान गोलच्या एका खांबापर्यंत नेलं होतं. तो सगळा संताप त्या क्षणी बांबूंना लागला. एक आरोळी झाली, घर सुटलं आणि पूर्वेला पळत सुटलं. पश्चिमेचे चाळीस गडी मागून लोंबकळत आले.

चुन्याची रेघ कुणाच्या पायाखाली गेली, कळलंच नाही. "थांबा!" गुरुजी ओरडत होते. "पुरे! झालं!" पण थांबा म्हणायचा मान पुआंगांचा होता, आणि पुआंग जिन्यावर एका हातानं कठडा धरून, दुसरा हात उंच करून, डोळे मिटून उभे होते. पंचवीस वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही घर असं पळालं नव्हतं. केळी आडवी झाली. साक्कांचं कुंपण आडवं झालं. साक्का ओरडले, "खुराडं! माझं खुराडं!" आणि पुआंगांनी डोळे उघडून म्हटलं, "थांबा."

घर खाली टेकलं. खुराडं शाबूत होतं, फक्त आता ते गुरुजींच्या घराखाली होतं. कोंबड्यांना आयतंच छप्पर मिळालं आणि त्यांनी तिथून हलायला साफ नकार दिला. दोन दिवसांनी गुरुजींनी टेप लावून मोजलं. बेंबीखांब पूर्वी ज्या दगडावर टेकला होता, तिथून अकरा मीटर पूर्वेला सरकला होता.

"तीन मीटर म्हणत होता," पुआंग तेप्पो म्हणाले. "बघ, आता घर कसं मोकळं झालं."

"माझी केळी गेली! कपाट गेलं! आणि कोंबडा पहाटे माझ्या उशीखाली आरवतो!"

"ते होतं. पण माणसं जेवताना खूश होती की नाही?"

माणसं खूश होती. वानुआ बारूचे चाळीसही जेवून गेले. लुकमाननं दोनदा भात घेतला आणि जाताना म्हणाला, "तुम्ही नाही, तर मला आता एखादं लग्न लावून नवं कुटुंब करावं लागणार."

मुन्सिरनं शब्द पाळला. गुरुजी गेले त्याच दिवशी दाखला दिला: बेंबी सालोमातेत, कुटुंब सालोमातेत. गुरुजी मुलीला मोटारसायकलवर मागे बसवून शाळेत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते शीळ घालत होते.

प्रवेशाच्या टेबलापाशी संगणकावर एक तरुण बसला होता. त्यानं दाखला बाजूला ठेवला. "याची गरज नाही, गुरुजी. यंदापासून तालुक्याची अट काढली."

"काय काढली?"

"अट. परवाच आदेश आला. आता फक्त घरापासून शाळेचं सरळ अंतर. जवळचे आधी."

गुरुजी खुर्चीत बसले. मग उठले. मग त्यांनी तालुके, जिल्हा, प्रांत आणि परवा हा दिवस यांच्याबद्दल असं काही बोलायला सुरुवात केली, की रांगेतल्या दोन आयांनी मुलींचे कान झाकले. आजेंगनं बाहीला धरून त्यांना खाली बसवलं. "बाबा, पण आपलं घर तर जवळच आहे."

"हो ना," तरुण म्हणाला. "बघू या." त्यानं पडद्यावर वरून काढलेलं छायाचित्र उघडलं. भातखाचरं, जुनं वळण, केळीची बाग, आणि बागेच्या पश्चिमेला गुरुजींचं पत्र्याचं छप्पर, उन्हात चमकणारं, जिथं ते पूर्वी होतं तिथं. तरुणानं छपरावर टिचकी मारली. "पाच हजार दोनशे दहा मीटर. मस्त. हेच ठेवतो."

"ते जुनं छायाचित्र आहे," गुरुजी म्हणाले. "घर आता तिथं नाही."

"पडद्यावर तर आहे."

"मी घरात राहतो, पडद्यावर नाही. घर अकरा मीटर पूर्वेला आहे. केळीच्या बागेत."

तरुणानं आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. "गुरुजी, काल एकानं घर आमच्या पाण्याच्या टाकीवर दाखवलं. एकानं मुख्याध्यापकांच्या मोटारीत. तुमचं तर खरंच तिथं होतं. अकरा मीटरनं काय फरक पडतो?"

"बाबा," आजेंग म्हणाली. "राहू दे ना."

गुरुजी खुर्चीतून उठले. महिनाभर ज्यानं त्यानं त्यांचं घर कुठं आहे, ते त्यांना सांगितलं होतं. मोजणीवाल्यांनी सांगितलं, लुकमाननं सांगितलं, मुन्सिरनं, पुआंगांनी, कोंबड्यांनीसुद्धा. आता एक टिचकी मारणारा पोरगा सांगत होता.

"फरक पडत नाही ना? मग खरं आहे तिथं ठेव. मी भूगोल शिकवतो. स्वतःचं घर मी खोट्या जागी दाखवणार नाही. हा माउस इकडे दे."

"बाबा..."

"आजेंग, जीवशास्त्राच्या बाईंकडे जायचंय ना? मग निरीक्षण म्हणजे काय, ते आज शिक."

आजेंगनं खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीतून प्रयोगशाळेचं दार दिसत होतं. गुरुजींनी स्वतःच्या हातानं ती खूण छपरावरून उचलली, केळीच्या बागेत नेली, जीभ दाताखाली धरून बेंबीखांबाच्या बरोबर जागी आणली आणि सोडली.

सोमवारी शाळेच्या फाटकावर निकाल लागला. जागा दोनशे सोळा. दोनशे सोळावा विद्यार्थी, अंतर ५,२१४ मीटर. आजेंग मप्पासेंग, अंतर ५,२२१ मीटर.